निम्मं मन माडीवर

चौदाव्या मजल्यावर माशीसुद्धा येत नाही, हे मथुराबाईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना बेळ्ळंदूरला येऊन पंधरा दिवस झाले होते. माशी नाही, चिमणी नाही, दारावरून जाणारं माणूस नाही. सकाळी तळ्यावरून धुकं उठायचं आणि इमारतीचे खालचे सगळे मजले पुसून टाकायचं. मग खिडकीशी बसल्या बसल्या त्यांना वाटायचं, आपण घरात नाहीच, नुसत्या वर बसलोय. आता वर म्हणजे कशाच्या वर, ते काही उमगायचं नाही.

बार्शीकडच्या खेड्यात बत्तीस वर्षं संसार केलेली ही बाई. नवरा परसू गेला, तेराव्याला पानं उठली, आणि मुलगा सुहास दाराला कुलूप लावून आईला बेंगळुरूला घेऊन आला. मुलगा गुणाचा, त्याला बोल लावायची सोय नाही. सून कावेरी इथलीच, कन्नड. तीही गुणाची. पण गुण चाटायचे का, बोलता आलं पाहिजे ना! नवराबायको आपसात इंग्रजीत बोलत. सासूशी कावेरी अडखळत हिंदीत बोले, आणि मथुराबाईंची हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटाला लावलेलं 'है'. दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. ओळखीचा निघाला तो एकच शब्द. कावेरी त्यांना 'अत्ते' म्हणायची, आणि मथुराबाईंच्या गावातही सुना सासूला आत्याच म्हणतात.

आणखी दोन शब्द, सुहासबरोबर खाली भाजीला गेल्या तेव्हा, भाजीवाल्यानं शिकवले. बेकू म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. त्यातला 'बेडा' मथुराबाईंना फार आवडला. सून चहा घेऊन आली की त्या ऐटीत म्हणायच्या, "बेडा, बेडा." आता आपल्याकडची रीत काय आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. बाईनं पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप' म्हणायचं. पहिल्याच हाकेला हो म्हणते ती हावरट. पण इथं पहिल्याच नकोला चहा परत जायचा! पोळी बेडा, शाल बेडा, रविवारी देवळात येता का, बेडा. पुन्हा कुणी विचारायचंच नाही. मथुराबाई भुकेल्या पोटी मनात म्हणायच्या, काय बाई माणसं ही, आग्रह म्हणून ठाऊक नाही यांना.

आणि आठव्या महिन्यात ते फोनचं झालं. दुपारची वेळ, कावेरी घरूनच काम करत होती. मथुराबाई पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकल्या. आत कावेरी आपल्या आईशी फोनवर बोलत होती, आणि आवाज रडवेला होता. सगळं बोलणं भर्रकन वाहून गेलं, एक वाक्य तेवढं कानात राहिलं.

"अत्तेगे नम्म मने बेडा, अम्मा."

अत्ते कळलं. मने कळलं, पोथीत असतं तसं, मन-मने. बेडा तर पाठच होतं. जुळवायला कितीसा वेळ लागतो? 'आत्या गे, मनाला नको.' म्हणजे सासू मनाला नको! मथुराबाई तशाच तहानलेल्या माघारी फिरल्या. पलंगावर पडून भिंतीकडं तोंड केलं आणि पदर तोंडात धरून रडल्या. नवरा गेला तेव्हाही असं रडू आलं नव्हतं. मेलेलं माणूस निदान नको तरी म्हणत नाही.

त्याच संध्याकाळी त्या सुहासला म्हणाल्या, "मला गावाकडं सोड."

"अगं, पण का? काय झालं? कावेरी काही बोलली का?"

"काही न्हाई. मला इथं करमत न्हाई."

पोराच्या संसारात काडी कशाला टाका, म्हणून कारण पोटातच ठेवलं. सुहासनं पुष्कळ विनवण्या केल्या, पण आई बधेना. शेवटी पाच आठवड्यांनंतरच्या रविवारचं, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट निघालं. कावेरीला कळलं तेव्हा ती उठून आत निघून गेली. बघा, मथुराबाई म्हणाल्या, सुटली बिचारी. गावात कुलपामागं रिकामं घर होतं आणि बोलायला चार भिंती. तिथं त्या एकट्याच मरणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण नकोशी होऊन राहण्यापेक्षा ते परवडलं.

तिकीट निघालं आणि मग, नशिबाची गंमत बघा, त्यांना खाली उतरायचं कारण सापडलं. खिडकीतून मागच्या गल्लीतली एक बुटकी गच्ची दिसायची. एका बुधवारी तिथं रंगीत चिंध्यांचा ढीग पडला होता आणि भोवती बायका बसल्या होत्या. हात वर जायचा, खाली यायचा. चौदा मजल्यांवरून सुई काही दिसत नव्हती, पण तो हात मथुराबाईंनी ओळखला. वाकळ शिवणारा हात कुठूनही ओळखू येतो. त्यांनी चपला घातल्या आणि जन्मात पहिल्यांदा एकटीनं लिफ्ट चालवून त्या खाली गेल्या.

गच्चीवर सगळी आपापला गाव सोडून आलेली मंडळी होती. घरोघरी स्वयंपाक करणारी ओडिशाची बाई, बिल्डिंगी झाडणारी बिहारची, बांधकामावर पाट्या उचलणारी रायचूरची, अशा दहाबारा जणी. त्यांना एकत्र आणलं होतं वीणाक्कानं. वीणाक्का शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, उंच, हसरी, आणि कन्नडशिवाय दुसरं काही न बोलणारी. वाकळेला ती कौदी म्हणत होती. प्रत्येकीनं हातभर चौकोन शिवायचा, मग सगळे जोडून एक मोठी कौदी करायची आणि मल्लेश्वरमच्या एका हॉलमध्ये टांगायची, असा बेत होता. हे मथुराबाईंना खुणांनी कळलं. प्रदर्शनाचा रविवारही कळला. त्यांच्या गाडीचाच रविवार, फक्त सकाळी.

"काय शिवू?" त्यांनी हात हलवून विचारलं.

वीणाक्कानं त्यांच्या हातात पांढरं कापड दिलं, छातीवर हात ठेवला आणि अगदी सावकाश म्हणाली, "निम्म मने माडी."

मथुराबाई चमकल्याच. निम्मं मन माडी! ही बाई मराठी बोलली की काय? आणि हिला कळलं तरी कसं? चौदा मजल्यांची माडी, त्यावर आपलं निम्मं मन, आणि निम्मं तिकडं खाली, बार्शीकडं. कुणी कपाळावरचं वाचावं तसं हिनं वाचलं! त्यांनी वीणाक्काचे दोन्ही हात धरले आणि जोरजोरात मान डोलावली. वीणाक्कालाही आनंद झाला. झालं, दोघी खूश.

बाकीच्या बायका घरं शिवत होत्या. कुणी कौलं, कुणी दार, कुणी दारापुढची विहीर. ते बघून मथुराबाईंना जराही शंका आली नाही. ज्याचं मन घरात असेल तो घरच शिवणार की! आपलं दोन ठिकाणी आहे, तर आपण दोन ठिकाणं शिवावीत.

खालचं निम्मं सोपं गेलं. त्याला परसूच्या धोतराचा तुकडा होता आणि त्यांच्याच एका विटक्या हिरव्या लुगड्याचा. आता त्या घराची एक गंमत होती. गावात माडी एकट्या सरपंचाची. परसूनं लग्नाच्या वर्षी बायकोला शब्द दिला होता, तुला माडी बांधून देईन. आणि गड्यानं बांधायला काढली ती जिन्यापासून! बाहेरच्या भिंतीला लागून आठ दगडी पायऱ्या झाल्या, आणि पुढं काही ना काही निघत गेलं, माडी राहिली ती राहिलीच. जिना तसाच आभाळात जाऊन थांबला. गाव हसायचं. पण कामं उरकली की दोघं सर्वांत वरच्या पायरीवर बसून शेंगा फोडायचे, टरफलं खाली टाकायचे, आणि परसू म्हणायचा, "ही बघ, माडीवरच बसलोय." त्या आठ पायऱ्या मथुराबाईंनी धावदोऱ्यानं एकेक करून घातल्या.

वरच्या निम्म्याला मात्र कापड नव्हतं. वाकळेला नवं कापड चालत नाही, अंगावर वापरून मऊ झालेलंच लागतं. नव्या कापडाला ऊब नसते, असं त्यांची आई म्हणायची. आता माडीवरचं वापरलेलं कापड आणायचं कुठून? देऊन टाकायच्या कपड्यांची एक पिशवी दाराशी ठेवलेली असायची. त्यात कावेरीचा लिंबाच्या रंगाचा सुती कुडता सापडला. मथुराबाई पहिल्या दिवशी इथं आल्या आणि कावेरीनं दार उघडलं तेव्हा हाच तिच्या अंगात होता. त्या कितीतरी वेळ तो मांडीवर घेऊन बसल्या. जिच्या मनाला आपण नको तिचं कापड घ्यावं का? पण वीणाक्कानं निम्मं माडीवर सांगितलं होतं, आणि खोटं शिवायची त्यांना सवय नव्हती. मन होतंच तिथं. सुहासपाशी होतं, आणि खरं सांगायचं तर त्या हसऱ्या, न बोलणाऱ्या पोरीपाशीही होतं. म्हणून तर एवढं लागलं होतं ना. त्यांनी कात्री घेतली.

मग दुपारी लांबत गेल्या. खिडकीतून ऊन यायचं, खाली रिंगरोडवरच्या गाड्यांचा आवाज वर येईपर्यंत विरून जायचा आणि नुसती गुणगुण उरायची. सुई खाली, सुई वर. मथुराबाईंचा डोळा लागायचा आणि दोरा चालतच राहायचा. तो खिडकीतून बाहेर पडायचा, गच्चीवरून, तळ्यावरून, ज्वारीच्या रानातून जायचा, आणि त्याच्यामागून चालत त्या थेट आपल्या दारात पोचायच्या. पायऱ्या चढून जावं तर वरच्या पायरीवर परसू शेंगा फोडत बसलेला.

"एवढा उशीर?" तो विचारायचा.

"लिफ्टनं आले. माडी कुठाय?"

"आता तू शीव की," असं म्हणून तो चार दाणे त्यांच्या हातावर ठेवायचा. मग नवव्या पायरीच्या जागी पाय ठेवला की तिथं पिवळं, मऊ काहीतरी असायचं, पाय त्यात रुतायचा आणि पडायचा नाही. त्यांना जाग यायची तेव्हा पिवळ्या कापडावर वीतभर टाके जास्त पडलेले असायचे. हे झोपेत शिवले की जागेपणी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

असे पाच आठवडे उतरले. एकदा कावेरी चहा ठेवायला आली तेव्हा त्यांनी चौकोन झटकन पदराखाली घेतला. तिनं विचारलं, "अत्ते, बिस्कीट?" त्या म्हणाल्या, "बेडा." ती गेली. दाराशी थांबून तिनं एकदा मागं बघितलं, आणि मथुराबाईंना उगीचच वाटलं की ही काही बोलेल. मग ती तशीच आपल्या कामाला लागली.

रविवार उजाडला. बॅग दाराशी उभी होती. जाण्याआधी प्रदर्शन बघायचं, असं मथुराबाईंनी सांगून ठेवलं होतं, म्हणून सकाळी सुहासनं दोघींना गाडीत घातलं आणि मल्लेश्वरमला आणलं. हॉलच्या आडव्या भिंतीवर कौदी टांगली होती, आणि मथुराबाई बघतच राहिल्या. दारं, कौलं, अंगणं, नारळाची झाडं, सगळी एकमेकांना टाचलेली. वारा आला की अख्खा गाव हलायचा. त्या गावाच्या मधोमध आठ पायऱ्या वर जात होत्या आणि पिवळ्यात शिरत होत्या. वीणाक्कानं तो चौकोन मधेच लावला होता. पण आज त्याच्यापुढं उभी राहून ती मान तिरपी करून विचार करत होती. मग तिनं प्रदर्शन बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना बोलावून आणलं.

त्या कृष्णाबाई. मल्लेश्वरमच्याच, घराणं मराठी, पण कैक पिढ्या इथंच मुरलेल्या. त्यांचं मराठी ऐकून मथुराबाईंना ताटात आपली भाकरी आणि वर अनोळखी चटणी पडल्यासारखं वाटलं.

"मथुराक्का, ह्या वीणाक्का विचारताहेत," कृष्णाबाई म्हणाल्या. "फार चंद झालंय म्हणताहेत, छान झालंय. पण सगळ्यांनी घर केलं, तुम्ही नुसता जिना का केला? घर कुठं आहे?"

"घर?" मथुराबाई गोंधळल्या. "घर कुठं सांगितलं होतं? बाईच म्हणाल्या ना, निम्मं मन माडी. निम्मं खाली, निम्मं माडीवर. तसंच शिवलंय मी."

कृष्णाबाईंना असं हसू फुटलं की भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अय्यो देवा! अहो, मने म्हणजे घर. माडी म्हणजे करा. निम्म म्हणजे तुमचं. 'तुमचं घर करा' म्हणाल्या त्या!"

त्यांनी ते कन्नडमध्ये सांगितलं तशी वीणाक्का हसली, रायचूरची हसली, न समजता ओडिशाचीही हसली. सुहास तर डोळे पुसत होता. मथुराबाई लाजेनं लाल झाल्या. एकटी कावेरी हसत नव्हती. ती कौदीपाशी जाऊन उभी होती आणि पिवळ्या कापडावरून बोट फिरवत होती. आपला कुडता तिनं ओळखला होता.

आणि त्या हशात मथुराबाईंच्या डोक्यात एक टाका उसवला. मने म्हणजे घर. मन नव्हे, घर! त्यांनी कृष्णाबाईंचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं.

"एक सांगा मला. खरं सांगा. 'अत्तेगे नम्म मने बेडा' म्हंजे काय?"

"कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणीतरी. तुम्ही अर्थ सांगा."

"सरळ तर आहे. आत्याबाईंना आमचं घर नको."

"आत्या नको, असं न्हाई?"

"छे! गे लागला की 'ला' होतं. अत्तेगे, आत्याला. आत्यालाच घर नको आहे, असं." कृष्णाबाईंनी निरखून बघितलं. "म्हणणारीला वाईट वाटलं असेल की. तुम्ही काय म्हणत होतात तिला?"

मथुराबाई आठवू लागल्या. काय म्हणत होते? चहाला बेडा. पोळीला बेडा. शालीला बेडा, देवळाला बेडा. नऊ महिने उठता बसता त्या पोरीच्या तोंडावर बेडा, बेडा, बेडा! आपण आग्रहाची वाट बघत बसलो, आणि तिनं प्रत्येक नको खरं मानून मुकाट्यानं उचलून नेलं. आईपाशी रडली ती पोर. आपल्यासाठी रडली, आणि आपण भिंतीकडं तोंड करून पडलो. मथुराबाईंना स्वतःची लाज वाटली.

"बरं, नम्म आणि निम्म, यात काय फरक?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"निम्म म्हणजे तुमचं, नम्म म्हणजे आमचं, आपलं. एका वेलांटीचा तर फरक, मथुराक्का," कृष्णाबाई म्हणाल्या.

सुहासनं घड्याळ बघितलं. "आई, निघूया का? घरी जेवून, बॅग घेऊन स्टेशनवर जायचं. रविवार असला तरी ट्रॅफिकचा भरवसा नाही."

मथुराबाईंनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. त्या कौदीकडं चालत गेल्या. कावेरी अजून तिथंच होती. त्यांना बघून तिनं कुडत्यावरचं बोट पटकन मागं घेतलं, जणू दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला होता. तिचे डोळे भरले होते.

मथुराबाईंनी मनातल्या मनात शब्द मांडले. चुकले तर चुकले. आजवर चुकूनच तर एवढं झालं होतं. त्यांनी सुनेचा हात धरला, आणि रीतभात, मान, पहिल्या हाकेला हो म्हणणारी हावरट बाई, सगळं त्या आठ पायऱ्यांखाली टाकून दिलं.

"अत्तेगे," त्या म्हणाल्या, आणि आपल्या छातीवर हात ठेवला. "अत्तेगे निम्म मने बेकू."

आत्याला तुमचं घर हवंय.

कावेरीचा चेहरा लहान मुलीसारखा वेडावाकडा झाला, आणि तिनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिथूनच, रडत रडत, तिनं मास्तरणीसारखी चूक सुधारली.

"निम्म नाही, अत्ते," ती म्हणाली. "नम्म."